टायटॅनियमचा सायलेन्सर: वजनासाठी की आवाजासाठी?

पुण्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय त्रेचाळीस, भोसरीत स्वतःचं मशीन शॉप. बरीच वर्षं मनात असलेली गाडी त्यांनी दोन वर्षांपूर्वी घेतली: २०१८ची सेकंडहँड पोर्शे ७१८ केमन. गाडीवर जीव आहे, पण तिचा आवाज मनात भरत नाही. ओळखीच्या गॅरेजवाल्यांनी टायटॅनियमची एक्झॉस्ट सिस्टीम, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारे पाइप आणि सायलेन्सर, सुचवली आहे. एक परदेशातून मागवायची, कस्टम ड्युटी वगैरे धरून सहा लाखांच्या आसपास. दुसरी इथेच बनवून मिळेल, पावणेदोन लाखांत. तिच्यात कॅटालिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग, थोडक्यात ‘कॅट’) काढून टाकायचा. ‘दहा-बारा किलो कमी होतील, गाडी हलकी पळेल,’ असं ह्या वाचकांनी घरी सांगितलं आहे. पत्नीला ते पटलेलं नाही. इमारतीत पहिल्या मजल्यावर एक आजारी आजोबा राहतात आणि हे वाचक दर रविवारी पहाटे साडेपाचला ताम्हिणीकडे निघतात. वर्षातून एकदा कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवरही जातात. त्यांचे प्रश्न तीन: वजनाचा फायदा खरंच जाणवेल का, पीयूसी पास झाली तर पोलिसांची अडचण येईल का, आणि स्वस्तातली सिस्टीम घेण्यात धोका काय?

नमस्कार,

वजनाबद्दल तुम्ही दोन परिच्छेद लिहिलेत आणि आवाजाबद्दल एकच ओळ: ‘स्टार्ट केली की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.’ मला सगळ्या पत्रात ही ओळ सर्वांत खरी वाटली. तरी आधी वजनाचंच बघू, कारण घरी तुम्ही तेच कारण दिलं आहे आणि त्याचा हिशेब मांडता येतो.

पीडीके गिअरबॉक्ससह (पोर्शेचा ऑटोमॅटिक) तुमच्या केमनचं वजन १,३६५ किलो आणि ताकद ३०० अश्वशक्ती. नव्या सिस्टीममुळे दहा किलो गेले असं धरू. एकूण वजनाच्या पाऊण टक्क्याहून हे थोडं कमीच भरतं. ताकदीच्या भाषेत सांगायचं तर सव्वादोन अश्वशक्ती वाढल्यासारखं. शून्य ते शंभरच्या वेळेत सेकंदाचे तीन-चार शतांश. दहा किलो म्हणजे साधारण साडेतेरा लिटर पेट्रोल; पाषाणहून निघून ताम्हिणी उतरून परत येईपर्यंत टाकी त्याहून जास्त हलकी होते, आणि गाडी बदलल्याचं तुम्हाला कधी जाणवलं नसेल.

मग मोठ्या कंपन्या टायटॅनियम का वापरतात, असं तुम्ही विचाराल. वापरतात हे खरं आहे. २००१च्या शेव्हरोले कॉर्व्हेट झी०६ला कारखान्यातूनच टायटॅनियमचा एक्झॉस्ट होता, त्यात आठेक किलो वाचले. २०१७ साली आलेल्या पोर्शेच्या ९११ जीटी२ आरएसमध्ये ९११ टर्बोच्या तुलनेत सुमारे सात किलो वाचवले. पण ह्या गाड्यांत बॉनेटपासून सीटपर्यंत इतर वजन उतरवण्याचे बरेच मार्ग वापरून झाले होते, त्यांच्या जोडीला हे सात-आठ किलो आले. तुमच्या गाडीत बाकीचं काहीच झालेलं नाही.

वजनाच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, तो लपवणार नाही. सायलेन्सर मागच्या चाकांच्याही मागे, गाडीच्या अगदी टोकाला असतो. गाडीच्या मध्यापासून वजन जितकं लांब, तितकं ते वळायला जास्त विरोध करतं; अंतर दुप्पट झालं की विरोध चौपट. म्हणून टोकाचे दहा किलो हे सीटखालच्या दहा किलोंपेक्षा जास्त मोलाचे. कारीच्या २.१ किलोमीटरच्या ट्रॅकवर, टायर आणि ड्रायव्हर दोघंही रंगात असताना, एखाद्या सरावलेल्या हाताला हा फरक कळू शकेल. ताम्हिणीत कळणार नाही, आणि कळावा इतक्या वेगाने ताम्हिणीत गाडी चालवूही नये.

ताकदीचा मुद्दा लवकर संपतो. तुमचं इंजिन टर्बोचं आहे. टर्बोने इंजिनात किती दाबाने हवा भरायची, म्हणजे बूस्ट किती ठेवायचं, ते गाडीचा संगणक ठरवतो, आणि कॅटनंतरचा पाइप मोकळा केला म्हणून तो जास्त बूस्ट देत नाही. नुसत्या मागच्या भागाने मिळणारी वाढ एक आकडीच असते. गॅरेजमध्ये तुम्हाला पंचवीस-तीस अश्वशक्तीचा आकडा सांगितला असेल, तर त्यात कॅट काढणं आणि संगणकाचं ट्यूनिंग दोन्ही धरलेलं असणार. कॅटवर पुढे येतो.

आता आवाज.

२०१६ पर्यंत केमनमध्ये टर्बो नसलेलं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. ७१८ आली तेव्हा त्याच्या जागी चार सिलिंडरचं टर्बो आलं. ताकद वाढली, पेट्रोल कमी लागू लागलं, पण आवाज बदलला, आणि तो बदल जगभरच्या चाहत्यांना खटकला. तेव्हा ‘काहीतरी राहून गेलं’ असं वाटणारे तुम्ही एकटे नाही आणि तुमचे कान चुकत नाहीत. प्रश्न असा की जे राहून गेलं ते पाइप बदलून परत येतं का?

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात, सहाच्या इंजिनात तीन. सहा हजार आरपीएमला एकात सेकंदाला दोनशे स्फोट, दुसऱ्यात तीनशे. आपण जो सूर ऐकतो तो ह्या मोजणीतून तयार होतो. शिवाय तुमच्या गाडीत मध्ये टर्बोचं चक्र आहे, ते धुराचे ठोके आधीच बोथट करतं. सायलेन्सर काय करू शकतो? ह्यातला कुठला भाग दाबायचा आणि कुठला सोडायचा, एवढंच त्याच्या हातात आहे. ठोके वाढवणं त्याच्या हातात नाही. तबल्याला कितीही मोठा माइक लावला तरी त्यातून पखवाज ऐकू येत नाही. टायटॅनियम लावल्यावर तुम्हाला हाच चार सिलिंडरचा आवाज ऐकू येईल, फक्त जास्त मोठा. पत्रा पातळ असल्यामुळे त्यात थोडी धातूची धार येईल. काहींना ती फार आवडते, काहींना पत्र्याच्या डब्यासारखी वाटते. तुम्ही कुठल्या गटात आहात हे गाडीत बसूनच कळेल, फोनवरच्या व्हिडिओवरून नाही.

फोनवर न कळणारी आणखी एक गोष्ट आहे. एक्सप्रेसवेवर शंभरच्या मर्यादेत, सातव्या गिअरमध्ये इंजिन दोन हजारांच्या आसपास किंवा थोडं खाली फिरत असतं. दोन हजारला सेकंदाला सदुसष्ट ठोके पडतात. हा खर्जाचा सूर कानापेक्षा छातीत आणि डोक्यात जास्त जाणवतो, आणि छोट्या केबिनमध्ये तो घुमायला लागला की बोलणं नकोसं होतं. कारखान्याच्या सायलेन्सरचं बरंचसं वजन हेच घुमणं मारण्यासाठीच्या खोल्या आणि पडदे ह्यांचं असतं. हलकी सिस्टीम हलकी होते ती धातूमुळे आणि बऱ्याचदा ह्या खोल्या गाळल्यामुळे. चांगले उत्पादक ठरावीक कंपनसंख्येसाठी बाजूला बंद नळी किंवा रेझोनेटर जोडून हे सोडवतात. नुसते दोन पाइप आणि दोन डबे वेल्ड करून देणारे सोडवत नाहीत. पत्नीबरोबर मुंबईला जाताना तुम्हाला ह्याची किंमत कळेल, आणि बहुधा त्यांना तुमच्या आधी कळेल.

म्हणून पहिलं काम: ज्यांच्या ७१८ला अशी सिस्टीम आहे असे कुणी शोधा आणि त्यांच्या गाडीत दोन तास बसा. त्यातला एक तास शंभरच्या वेगाने, गप्पा मारत. पुण्या-मुंबईत अशा गाड्या असणाऱ्यांचं वर्तुळ लहान आहे, कुणी ना कुणी सापडेल. सहा लाख खर्चण्याआधी एवढं करायलाच हवं.

धातूबद्दल तुम्ही मशीन शॉपवाले आहात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. टायटॅनियमची घनता ४.५, स्टेनलेसची आठच्या जवळ. त्याच जाडीचा पत्रा जवळपास चव्वेचाळीस टक्के हलका. गंजत नाही, कोकणातल्या दमट हवेत वर्षानुवर्षं टिकतो. खरं तर त्याचं खनिज, इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही आहे. महाग पडतं ते खनिजातून धातू काढणं. ऑक्सिजन ह्या धातूला सोडत नाही. त्याचं आधी क्लोराइड करावं लागतं, मग मॅग्नेशियम वापरून, बंद भट्टीत, घाण्यामागून घाणा असं ते काम चालतं. आणि जो ऑक्सिजन तो खनिजात सोडत नाही, तोच वेल्डिंग करताना पुन्हा ओढून घेतो. तुमचा सगळा धोका इथे आहे.

स्टेनलेस वेल्ड करणारा चांगला कारागीर टायटॅनियमही करेल असं धरून चालू नका. तापलेला टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषतो आणि काचेसारखा ठिसूळ होतो. त्यामुळे टिग वेल्डिंगच्या टॉर्चमागे आरगॉन वायूचं वेगळं आवरण लागतं, पाइपच्या आतूनही आरगॉन सोडावा लागतो, आणि शिवण थंड होईपर्यंत तो बंद करायचा नसतो. नीट झालेली शिवण चांदीसारखी किंवा फिकट सोनेरी दिसते. निळी दिसली तर शंका घ्या. राखाडी-पांढरी, भुकटी सुटणारी दिसली तर नाकारा. बाहेरून ब्रशने घासून रंग काढता येतो, म्हणून शिवण आतून बघा; तुमच्याकडे बोअरस्कोप (पाइपच्या आत बघायचा बारीक कॅमेरा) असेलच. मात्र वापरलेल्या पाइपवरचा निळा-जांभळा रंग वेगळा. तो उष्णतेमुळे वाढलेल्या ऑक्साइडच्या पातळ थराचा असतो, त्याने काही बिघडत नाही. हल्ली स्टेनलेसलाही तसा रंग चढवून विकतात, म्हणून रंगावर विश्वास ठेवू नका. चुंबकावरही नको: टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही आणि ३०४ स्टेनलेसलाही जवळजवळ चिकटत नाही. भोसरी-चिंचवडमध्ये धातू तपासणाऱ्या लॅब आहेत, एक्सआरएफ गनने (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र) दोन मिनिटांत काम होतं. रिपोर्ट घ्या आणि मगच पैसे द्या.

शुद्ध टायटॅनियम फार उष्णतेत ताकद गमावतं, हेही गॅरेजवाले सांगत नाहीत. टर्बोच्या तोंडाशी धूर नऊशे अंशांच्या आसपास असू शकतो. तिथे स्टेनलेस किंवा निकेलचा मिश्रधातू हवा. टायटॅनियमची जागा कॅटनंतर, मागच्या सायलेन्सरमध्ये. तुमच्या गाडीत इंजिन मधोमध असल्यामुळे सगळा एक्झॉस्ट आखूड आहे, धूर थंड व्हायला लांबलचक पाइप नाही. त्यामुळे ग्रेड कुठला, जाडी किती आणि स्टीलच्या फ्लँजला जोड कसा दिला आहे, हे विचाराच. तापल्यावर स्टेनलेस टायटॅनियमच्या दुप्पट प्रसरण पावतं. घट्ट जोडून टाकलं तर वर्षभरात शिवणीजवळ चीर पडते. चांगल्या सिस्टीममध्ये तिथे स्प्रिंग किंवा सरकता जोड असतो.

पावणेदोन लाखांच्या सिस्टीमबद्दल माझं मत तुम्हाला आता कळलं असेल. ती घेऊ नका. इथलं काम कमी दर्जाचं असतं असं माझं म्हणणं नाही. रासायनिक कारखान्यांसाठी टायटॅनियमचे हीट एक्स्चेंजर बनवणारे उत्तम फॅब्रिकेटर आपल्याकडे आहेत. पण त्यांना आवाजाचं गणित येत नाही, आणि ज्यांना आवाज करता येतो त्यांच्याकडे बहुधा आरगॉनची शिस्त नसते. शिवाय त्या सिस्टीममध्ये कॅट काढायचा आहे.

कॅट काढू नका. हे मी सल्ला म्हणून लिहीत नाही, हा माझा आग्रह आहे. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं ह्यांचा बहुतेक भाग तिथे नष्ट होतो. तो काढला की तीनशे अश्वशक्तीच्या इंजिनाचा कच्चा धूर तुमच्या बेसमेंट पार्किंगमध्ये सुटणार, आणि तिथे सकाळी मुलं सायकली काढायला येतात. कॅटनंतरचा सेन्सर चेक इंजिनचा दिवा लावेल, मग तो विझवण्यासाठी सेन्सर फसवण्याची युक्ती तुम्हाला विकली जाईल, आणि मग खरा बिघाड झाला तरी दिवा लागणार नाही.

पीयूसीचा प्रश्न. पीयूसीमध्ये पेट्रोल गाडीचा धूर मोजतात, आवाज मोजत नाहीत. कॅट जागेवर असेल तर मागचा सायलेन्सर बदलूनही पीयूसी पास होईल. पण त्यावरून सायलेन्सर कायदेशीर ठरत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग करून गाडी चालवण्याबद्दल आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र, अशी तरतूद आहे. गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकासाठी कलम १८२अ(४) वेगळं आहे: प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कलम ५२ खाली बदल किती करता येतात ह्यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कडक भूमिका घेतली, उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत अशी. प्रत्यक्ष चलान किती होतं ते राज्याच्या अधिसूचनेवर आणि समोरच्या अधिकाऱ्यावर ठरतं. आपल्या राज्यात अनेक शहरांत बुलेटचे सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याचे फोटो तुम्ही पाहिले आहेत. गाडी महाग आहे म्हणून नियम वेगळा नाही, आणि तो वेगळा नसावाच.

परदेशी सिस्टीम घेणार असाल तर युरोपच्या रस्त्यांसाठी मान्यता असलेली, ई-मार्क कोरलेली घ्या. त्या मान्यतेत आवाजाची मर्यादा तपासलेली असते. ई-मार्क म्हणजे भारतातली परवानगी नव्हे, हे ध्यानात ठेवा. पण गाडी अवाजवी मोठी नाही हे दाखवायला तुमच्या हाती काहीतरी असेल. ‘ओन्ली फॉर ट्रॅक यूज’ असं लिहिलेली घेतली तर तेही उरणार नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, सिस्टीमची किंमत पॉलिसीत दाखवा. न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी तुमच्या विरोधात वापरला जाऊ शकतो. गाडीवर वाढीव वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटरकडून ईमेलवर उत्तर मागा. तोंडी ‘काही होत नाही’ला अर्थ नाही.

आजोबांबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत, जवळजवळ जाता जाता. मला वाटतं तुम्हाला तेच सर्वांत जास्त टोचतं आहे. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि साडेपाच ही कायद्याने रात्रच. थंड इंजिन सुरू झालं की कॅट लवकर तापावा म्हणून संगणक पहिलं मिनिटभर आरपीएम वर ठेवतो. म्हणजे गाडी सर्वांत मोठ्याने ओरडते ती नेमकी बेसमेंटमध्ये, जिथे चार भिंती तो आवाज वर पाठवतात. आज, मूळ सायलेन्सर असतानाही, हे होतंच आहे. त्यांच्या घरी एकदा जाऊन विचारा. ते कदाचित ‘काही नाही हो’ म्हणतील. त्यांच्या सूनबाईंना किंवा मुलाला विचारा, खरं उत्तर तिथे मिळेल. आणि विचारायला सिस्टीम लागल्यानंतर नका जाऊ, आधी जा. उत्तर ऐकून निर्णय बदलायची तयारी ठेवून जा.

ह्या सगळ्यातून माझ्या मते तुम्ही काय करावं?

पहिले पैसे टायरवर. गाडी २०१८ची आहे. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ते मूळचेच टायर असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, रबर कडक झालेलं आहे. नवे चार टायर घातल्यावर ताम्हिणीच्या पहिल्या ओल्या वळणावर जो फरक पडेल, तो दहा किलोंनी कधीच पडणार नाही. दुसरं, ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरल्यावर ही मर्यादा १५५पर्यंत खाली येऊ शकते. कारीसारख्या लागोपाठ वळणांच्या ट्रॅकवर ह्याचा अर्थ काय ते सांगायला नको. वजनच कमी करायचं असेल तर हलकी फोर्ज्ड चाकं बघा. चाकांचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, खड्ड्यावरून चाक परत रस्त्यावर किती लवकर टेकेल ते त्यावर ठरतं. सायलेन्सर स्प्रिंगच्या वर लटकलेला असतो, त्याचा ह्या बाबतीत उपयोग नाही.

एवढं झाल्यावरही आवाजाची ओढ उरली, तर ती ओढ मी कमी लेखणार नाही. यंत्राचा आवाज आवडणं हा पोरकटपणा नाही. अशा वेळी आधी कंपनीच्या स्वतःच्या स्पोर्ट एक्झॉस्टची चौकशी करा, ती ७१८साठी अॅक्सेसरी म्हणून मिळत आलेली आहे. ती टायटॅनियमची नाही, वजन वाचणार नाही, पण तिच्यात फ्लॅप, म्हणजे धुराच्या वाटेतल्या झडपा, आहेत: बटण दाबलं की उघडतात, नाहीतर बंद राहतात. संगणकाला ती ओळखीची असते आणि वॉरंटीचा वाद उरत नाही. तुम्हाला रविवारी घाटात हवा तो आवाज आणि सोसायटीत शांतता, असं दोन्ही तीच सर्वांत सोपेपणी देईल.

त्याहून पुढे जाऊन टायटॅनियमच घ्यायचं ठरलं, तर नावाजलेल्या उत्पादकाची, फक्त कॅटनंतरच्या भागाची, फ्लॅप असलेली घ्या. स्लोव्हेनियाची अक्रापोविच ही त्यातली जुनी कंपनी, १९९० साली एका माजी मोटरसायकल रेसरने सुरू केलेली. विक्रेत्याला एक प्रश्न नक्की विचारा: फ्लॅपचा वीजपुरवठा किंवा व्हॅक्यूम गेला तर फ्लॅप उघडा राहतो की बंद? बऱ्याच सिस्टीममध्ये तो उघडाच राहतो. म्हणजे पहाटे साडेपाचला एक होज निसटली तर पूर्ण आवाजात गाडी निघणार. फ्लॅप बंद असताना मूळ सायलेन्सरच्या तुलनेत आवाज किती, हा आकडाही मागा. जाहिरातीत नेहमी उघड्या फ्लॅपचाच आवाज ऐकवतात.

हे सल्ले इतर वाचकांच्या गाड्यांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत. इंजिन पुढे असलेल्या गाडीत मागचं वजन काढलं की नाकाकडचा भार प्रमाणात वाढतो, तिथे हाच दहा किलोंचा मुद्दा उलटाही पडू शकतो. मोटरसायकलवाल्यांचं वेगळं: दोनशे किलोंच्या बाइकवरून चार-पाच किलो गेले तर दोन ते अडीच टक्के, आणि ते जाणवतं. मात्र कलम १९०(२) दोघांनाही सारखंच.

आता घरचं. पत्नीला तुम्ही वजनाचं कारण दिलंत कारण ते हिशेबी वाटतं, आवाजाचं कारण लाजेचं वाटतं. त्यांनी मात्र पहिल्याच वाक्यात ओळखलं की हे आवाजासाठी आहे. त्यांना सरळ सांगा: मला हा आवाज आवडतो, त्याची किंमत अशी अशी आहे, त्यातली एवढी रक्कम टायरवर आधी जाणार आहे. मग त्यांना त्या दोन तासांच्या फेरीला बरोबर न्या. केबिनमधलं घुमणं त्यांना सहन होत नसेल, तर ही गाडी तुम्ही पुढे एकट्याने चालवणार आहात, आणि तो खर्च सहा लाखांच्या वर धरावा लागेल.

काहीही बसवलंत तरी मूळ सायलेन्सर गॅरेजला ‘जुन्यात’ देऊन टाकू नका. ते हमखास मागतील, हजार-दोन हजार कमी करतो म्हणतील. तो, त्याचे क्लँप, हँगरचे रबर आणि बोल्ट एका खोक्यात, नावनिशी, कोरड्या जागी ठेवा. शॉपमध्ये रॅक आहेच तुमच्याकडे. सर्व्हिस सेंटरने हात वर केले, चलान झालं, आजोबांची तब्येत बिघडली किंवा गाडी विकायची वेळ आली, तर एका दुपारी तो परत बसवता येईल. नवे गॅस्केट मात्र आत्ताच दोन मागवून ठेवा. जुने एकदा उघडले की पुन्हा नीट बसत नाहीत.